चार आरसे: कागद आणि फोमचं चिलखत, बेतणीपासून मुजऱ्यापर्यंत

चिलखत घालून मुजरा करता आला पाहिजे. सोसायटीच्या गणपतीतलं नाटक असो, शिवजयंतीची मिरवणूक असो की पोरांचं स्नेहसंमेलन, चिलखत करायला बसलात की एवढी एकच कसोटी डोळ्यांसमोर ठेवा. माझं पहिलं चिलखत लांबून अगदी पोलादी दिसायचं. आमचे सरदार दरबारात आले, कमरेत वाकले आणि छातीवरच्या पाटीनं हनुवटीला खालून असा ढोसा दिला की शिरस्त्राण डोळ्यांवर आलं. प्रसंग गंभीर होता, प्रेक्षक पोट धरून हसले. पाटी दोन इंच लांब झाली होती. ती चूक कागदावर सापडायला हवी होती, कारण कागदावर ती फुकटात सापडली असती. मी मात्र उत्साहाच्या भरात थेट फोमलाच कटर लावला होता.

तेव्हापासून माझा निम्म्याहून जास्त वेळ कागदावर जातो. शिंपी बेततो तसं चिलखत आधी बेतायचं. फोम कापणं त्यामानाने सोपं, उरल्यासुरल्या वेळात होणारं काम आहे.

कोणतं चिलखत निवडायचं

युरोपीय शूरवीराच्या कवचात छातीची पाटी एकाच वेळी आडवी आणि उभी, दोन्हीकडे फुगलेली असते. सपाट शीटमधून तसा फुगवटा काढणं नवख्याला जड जातं. आपल्याकडच्या इतिहासात याहून सोपा आणि दिसायला तितकाच रुबाबदार प्रकार आहे. कड्यांच्या जाळीदार चिलखतावर चार पोलादी पाट्या बांधायच्या, एक छातीवर, एक पाठीवर आणि दोन बगलांखाली. फारसीत याला 'चार आईना' म्हणतात, म्हणजे चार आरसे. इराणपासून मुघल आणि दख्खनी सरदारांपर्यंत हा प्रकार वापरात होता. सोबत मनगटापासून कोपरापर्यंतचे दस्ताने आणि नाकावर पट्टी असलेला घुमटाकार टोप.

या पाट्या जवळपास सपाट असतात. दोन पाट्यांमध्ये फट असल्यामुळे मापातली थोडीफार चूक तिथे मुरते. शिवाय पट्टे सैल-घट्ट केले की एकच चिलखत दोन-तीन नटांना होतं, आणि हौशी नाटकात आयत्या वेळी नट बदलतोच.

एक खुलासा करतो, कारण अफजलखानाच्या भेटीच्या प्रसंगात महाराजांना या पाट्या लावायच्या का, असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली शिवाजी महाराजांनी चिलखत घातलं होतं ते अंगरख्याच्या आत, आणि डोक्यावरचा लोखंडी टोपही वरच्या वस्त्राखाली झाकलेला होता. तो प्रसंग करणार असाल तर बाहेरून चकाकणाऱ्या पाट्या लावू नका, त्या प्रसंगाची सगळी गंमतच जाते. तसंच साध्या मावळ्यालाही पोलाद चढवू नका. चार आरसे सरदारासाठी ठेवा.

काम सुरू करण्यापूर्वी जमलं तर खरी वस्तू बघून या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात अकबराचं पोलादी चिलखत आहे, पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयातही जुनी शस्त्रं आणि चिलखतं आहेत. नक्षीवर सगळ्यांचीच नजर जाते. तुम्ही पाट्यांच्या कडा बघा, कोपरे कसे गोल केलेत ते बघा, आणि बगलेच्या पाटीला वरून अर्धचंद्रासारखी घेतलेली खाच बघा. ती खाच नसेल तर हात खाली येत नाही.

सामान

ईव्हीए फोम म्हणजे रबरी चपलेच्या सोलसारखं ते मऊ, बंद छिद्रांचं शीट. चपला-बुटांचा कच्चा माल विकणाऱ्या दुकानात ते वेगवेगळ्या जाडीत मिळतं. ५ मिलिमीटरचं मुख्य कामाला आणि २ मिलिमीटरचं नक्षीला एवढं पुरे. लहान मुलांच्या खोलीत घालतात ती एकमेकांत अडकणारी चटई साधारण १० मिलिमीटरची असते. तीही चालते, पण अंगावर जाड आणि बोजड दिसते. थर्माकोल नको. तो तडकतो, आणि स्प्रे पेंट किंवा रबरी सोल्यूशन लागलं की विरघळतो.

त्याशिवाय लागेल: तुटणाऱ्या पात्यांचा कटर आणि पात्यांचं अख्खं पाकीट, लोखंडी पट्टी, शिंप्याची टेप, सोफेवाले वापरतात ते पिवळसर रबरी सोल्यूशन (फेव्हिकॉल एसआर ९९८ किंवा तसंच दुसरं), पांढरा फेव्हिकॉल, हीट गन, पॉलिश पेपर, अ‍ॅक्रिलिक रंग, आणि बॅग दुरुस्त करणाऱ्याकडून पट्टे आणि बकलं. केस वाळवण्याच्या ड्रायरनं हे काम होत नाही, उष्णता कमी पडते. हीट गन भाड्यानं किंवा ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून दोन दिवसांसाठी आणा.

कागदासाठी पैसे घालवू नका. पहिली बेतणी वर्तमानपत्रावर, दुसरी मागच्या वर्षीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानांवर आणि पक्का फर्मा कार्डशीटवर.

अंगावरून कागदावर

माप नेहमी आतल्या कपड्यांवरून घ्यायचं. नट आत जो अंगरखा घालणार आहे तो घालूनच उभा करा आणि पूर्ण श्वास भरून घ्यायला सांगा. एक प्रत्यक्ष माप देतो. कपड्यांवरून छातीचा घेर १०४ सेंटिमीटर. छाती आणि पाठ प्रत्येकी २८ रुंद, बगलेच्या पाट्या प्रत्येकी १८. बेरीज ९२. उरलेले १२ सेंटिमीटर म्हणजे चार फटी, प्रत्येकी ३ सेंटिमीटरची. दहा वर्षांच्या पोराचा घेर ७२ भरला तर १९, १९, ११, ११ आणि फटी तेवढ्याच. मोठ्याचा फर्मा झेरॉक्सवर लहान करून पोराला घालू नका. पोरांचं धड मोठ्या माणसाची लहान आवृत्ती नसते, खांद्यात आणि उंचीत ते चुकतंच.

उंची ठरवताना टेप बाजूला ठेवा आणि वर्तमानपत्राचा तुकडा छातीवर चिकटवा. वरची कड गळ्याच्या खोबणीपासून चार बोटं खाली, खालची कड बेंबीच्या चार बोटं वर. आता नटाला मुजरा करायला लावा, मांडी घालून बसवा, दोन्ही हात पुढे जोडायला सांगा. जिथे कागद चुरगळतो तिथे उद्या फोम टोचणार आहे. तिथे पेनानं खूण करा, कापा, पुन्हा वाकायला लावा. माझ्या अनुभवात छातीची पाटी २६ सेंटिमीटरच्या पुढे क्वचितच जाते आणि बगलेची २० च्या आसपास थांबते. बगलेची खाच निदान ५ सेंटिमीटर खोल हवी. तलवार चालवायची असेल तर छातीच्या पाटीचे वरचे दोन्ही कोपरे आणखी गोल करा, नाहीतर हात समोरून आडवा जात नाही.

पाठ आणि छाती सारखी नसते, पण फर्मा एकच चालतो. फक्त पाठीची पाटी दोन बोटं वर चढवून बांधायची.

खांद्यावरचं कवच किंवा अंगाला चिकटून बसणारा एखादा वेडावाकडा भाग हवा असेल तर दुसरी युक्ती. अंगरख्यावर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म गुंडाळा, त्यावर रंगाऱ्यांची कागदी मास्किंग टेप दोन थर लावा आणि हव्या त्या रेघा थेट अंगावरच मार्करनं काढा. मग पाठीकडून बोथट कात्रीनं कापून कवच उतरवा. ते जमिनीवर सपाट होणार नाही. जिथे फुगेल तिथे चीर द्या, शिंपी ब्लाऊजला टक्स घेतो तशी. सपाट झालेले तुकडे म्हणजे तुमचा फर्मा. कापण्याआधी शेजारच्या कडांवर आडव्या जोडखुणा आणि क्रमांक टाका. हे विसरलात तर पुढच्या दिवशी तुमच्यासमोर अकरा तुकडे असतील आणि कुठला कुठे बसतो हे कुणालाच सांगता येणार नाही.

संगणकावरच्या त्रिमितीय मॉडेलची घडी उलगडून कागदी तुकडे देणारी सॉफ्टवेअरही आहेत. त्यांतलं जपानी पेपाकुरा सर्वांत माहितीतलं. गुंतागुंतीच्या शिरस्त्राणाला ते उपयोगी आहे. छापण्यापूर्वी एकच काळजी घ्या: पानावर १० सेंटिमीटरची एक रेघ काढून ठेवा आणि छापल्यावर पट्टीनं मोजा. प्रिंटर पानात बसवण्यासाठी गुपचूप आकार कमी करतो आणि टोप डोक्यात शिरत नाही तेव्हाच ते कळतं. कागदी मॉडेलला चिकटवण्यासाठी असतात त्या कडेच्या जिभा फोमला नको. फोम कडेला कड लावूनच चिकटतो.

कागदाला जाडी नसते

इथे बहुतेकांचं गणित फसतं, म्हणून एक प्रयोग करून बघा. स्टीलच्या डब्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळा आणि कडा जुळतील अशी कापा. तेवढ्याच लांबीची १० मिलिमीटर फोमची पट्टी त्याच डब्याभोवती गुंडाळा. कडा जुळणार नाहीत, तीन सेंटिमीटरची फट राहील. डबा लहान घ्या की मोठा, फट तेवढीच.

कारण फोम वळतो तेव्हा आतली बाजू दबते, बाहेरची ताणली जाते आणि लांबी कायम राहते ती मधल्या थराची. म्हणून पूर्ण गोल होणाऱ्या कुठल्याही भागात कागदी घेरामध्ये जाडीच्या ३.१४ पट मिळवायची. ५ मिलिमीटर फोमला साधारण १.६ सेंटिमीटर, १० ला ३.१. छातीच्या पाट्यांना याची गरज नाही, कारण तिथे फटी आहेत. दस्ताने आणि टोपाला मात्र हे विसरून चालत नाही.

दस्तान्यासाठी मूठ वळून, कोपर दुमडून, बाहीवरून माप घ्या. समजा कोपराशी २९ आणि मनगटाशी १९. जाडीचे १.६ मिळवले आणि आतल्या बाजूला पट्ट्यांसाठी ३ सेंटिमीटरची चीर ठेवली की फोमची रुंदी होते २७.६ आणि १७.६. आता हे सरळ कडांच्या चौकोनासारखं काढू नका. निमुळती नळी उलगडली की तिच्या दोन्ही कडा कमानदार होतात, जपानी पंख्यासारख्या. सरळ काढलात तर गुंडाळल्यावर मनगटाची कड एका बाजूला वर चढते. कागदावर गुंडाळून बघत कमान बेताबेतानं वाढवा. कोपराकडची बाहेरची बाजू मात्र मुद्दाम जिभेसारखी लांबवा, खऱ्या दस्तान्यांत ती तशीच असते.

टोप

टोप सहा पाकळ्यांचा करू, सोललेल्या संत्र्यासारखा. डोक्याचा घेर ५७ सेंटिमीटर. आत एक सेंटिमीटरची गादी हवी, तिनं घेर सव्वासहानं वाढतो. त्यात फोमच्या जाडीचे १.६. मिळून ६५. सहानं भागलं की प्रत्येक पाकळीचा पाया १०.८ सेंटिमीटर.

पाकळीची कड नजरेनं काढली की हमखास कांदा तयार होतो. त्यामुळे हे प्रमाण धरा: उंचीच्या एक तृतीयांशावर रुंदी पायाच्या ८७ टक्के, निम्म्यावर ७१, दोन तृतीयांशावर ५० आणि टोकाला शून्य. म्हणजे १०.८, मग ९.४, ७.७, ५.४. हे बिंदू मऊ वळणाच्या रेघेनं जोडा. पाकळीची लांबी १६ घेतली तर अर्धगोल मिळेल, १९ घेतली तर घुमट थोडा उंच निघेल. मला उंच आवडतो, रंगमंचावर नट जरा ताठ दिसतो. अर्धी पाकळी काढा, कागद उभा दुमडून कापा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. आधी कार्डशीटच्या सहा पाकळ्या सेलोटेपनं जोडून टोप डोक्यावर चढवा. कागदी टोप थोडा सैल बसला पाहिजे. तो नेमका बसला तर फोमचा घट्ट होणार.

नाकपट्टी वेगळी कापायची. ती खरोखर नाकाला टेकू देऊ नका, दोन बोटं पुढे ठेवा, नाहीतर संवाद नाकातून येतात.

कापणं आणि ऊब देणं

फर्मा फोमवर ठेवून बॉलपेननं काढा. चटईची खरबरीत बाजू आत जाईल असं बघा, आणि उजव्या-डाव्या तुकड्यांसाठी फर्मा उलटा करायला विसरू नका. कटरचं पातं आडवं करून लांब ओढा, करवतीसारखं पुढेमागे नको. पातं जरा बोथट झालं की फोमची कड कुरतडल्यासारखी येते, मग ते टोक लगेच मोडून टाका. पात्यांत कंजूषी करणाऱ्याचं काम लगेच ओळखू येतं. टोपाच्या पाकळ्यांच्या कडा किंचित आतल्या बाजूला तिरप्या कापल्या तर जोड घट्ट बसतो.

नंतर हीट गन. तुकड्यावरून ती सतत फिरवत ठेवा. फोमचा पृष्ठभाग किंचित चकाकला की छिद्रं मिटली, आता तो रंग पिणार नाही. एकाच जागी थांबलात तर तिथे फोड येतो आणि तो कधीच जात नाही. गरम आहे तोवर छातीची पाटी मांडीवर दाबून हलका बाक द्या, पाकळ्या उपड्या पातेल्यावर दाबा आणि गार होईपर्यंत धरून ठेवा. पाकळीला उभा-आडवा दोन्ही बाक हवा, म्हणून अंगठ्यानं मधोमध दाबत थोडी ताणा. हातात जाड सुती हातमोजे. खिडक्या उघड्या ठेवा, गरम फोमचा वास छातीत भरून घेण्यासारखा नसतो. घासताना उडणाऱ्या भुकटीसाठीही मास्क लावा.

चिकटवणं

माझ्या दुसऱ्या चिलखताचे जोड मी ग्लू गननं भरले होते. मे महिन्यातल्या मिरवणुकीत दुपारी एकच्या सुमाराला बगलेच्या दोन्ही पाट्या एकापाठोपाठ एक गळून पडल्या. ग्लू गनचं डिंक उन्हात पुन्हा मऊ होतं, हे त्या दिवशी शिकलो.

रबरी सोल्यूशन दोन्ही कडांना पातळ लावायचं आणि थांबायचं. दहा-पंधरा मिनिटांनी बोट लावून बघा, चिकटपणा जाणवेल पण बोटाला काही येणार नाही. तेव्हाच दोन्ही कडा जुळवून दाबायच्या. ओलं असताना दाबलं तर जोड सरकतो, आणि एकदा पकडल्यावर हलवता येत नाही, म्हणून टोकापासून बोटभर-बोटभर जोडत जा. टोपात आधी शेजारशेजारच्या तीन-तीन पाकळ्यांचे दोन अर्धे करा, मग ते दोन एकमेकांना. टोकाला सहा कडांची खिचडी होते, ती झाकायला वर एक छोटी चकती आणि कळस लावा.

या सोल्यूशनची वाफ पेट घेते. शेजारी गॅस किंवा देवघरात समई चालू असताना डबा उघडू नका, आणि ताज्या जोडावर हीट गन फिरवू नका.

जाळी

पाट्यांखाली कड्यांची जाळी दिसायला हवी, आणि खऱ्या कड्या जोडत बसलात तर नाटक पुढच्या वर्षी होईल. रंगभूमीवरचा जुना उपाय चांगला आहे: जाड राखाडी लोकर किंवा सुतळी जाड सुयांवर सैल विणायची आणि वरून चंदेरी रंगाचा कोरडा ब्रश ओढायचा. तिसऱ्या रांगेतून फरक कळत नाही. आमच्याकडे हे काम आत्यानं केलं, टीव्ही बघता बघता. टोपाच्या मागच्या कडेला अशाच विणकामाची झालर लावली की मान झाकते आणि टोपाची मागची चूकही.

नक्षी आणि रंग

कडांना २ मिलिमीटर फोमच्या पट्ट्या लावा. खिळ्यांच्या डोक्यांसाठी अर्धे मोती मिळतात. मी एकदा मसुराची डाळ चिकटवली होती, रंगवल्यावर सुंदर दिसली, पावसाळ्यात तिला पोरकिडे लागले. उठावाच्या वेलबुट्टीसाठी मेंदीच्या रिकाम्या कोनात पांढरा फेव्हिकॉल आणि खडूची बारीक पूड घट्ट कालवून भरा. मेंदी काढणारी मुलगी घरात असेल तर हे काम तिच्यावर सोपवा, तिच्यासारखा हात आपला चालत नाही. कोरलेली रेघ हवी असेल तर कटरनं अगदी वरवर चीर द्या आणि ऊब द्या, चीर आपोआप उघडून खाच होते.

मग पांढऱ्या फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून तीन-चार पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा. त्यावर काळा अ‍ॅक्रिलिक. नुसता चंदेरी रंग फासला की मिठाईच्या डब्यासारखं दिसतं, म्हणून चंदेरीत चिमूटभर काळा मिसळा, ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करा आणि उंच भागांवरूनच ओढा. खाचांत काळा राहू द्या. शेवटी पातळ तपकिरी रंग लावून लगेच फडक्यानं पुसा, कोपऱ्यांत थोडा मळ साचेल, तो तसाच राहू द्या. सोनेरी फक्त कडांना आणि वेलबुट्टीला. पोलादावर सोन्याची तार ठोकून केलेल्या कोफ्तगिरीत सोनं रेघांपुरतंच असतं.

बांधणं

वेल्क्रो फोमला नुसता चिकटवला तर तिसऱ्या तालमीला निघतो. आधी जाड कापडाच्या पट्टीवर शिवा, मग ती पट्टी आतून सोल्यूशननं चिकटवा. दोन खांद्यांवरून दोन पट्टे आणि चार फटींत वर-खाली अशी आठ जोडणी. डाव्या बगलेच्या फटीत बकल, बाकी फटींत रुंद इलॅस्टिक. म्हणजे नट चिलखत जॅकेटसारखं घालतो आणि एकाच बाजूनं बंद करतो. प्रवेशांच्या मध्ये दीड मिनिट असतं, तेव्हा आठ बकलं कोण लावणार? दस्तान्याला आतून दोन इलॅस्टिक पट्टे पुरतात. टोपाला हनुवटीखाली नाडी हवीच.

आता मुजरा. वाका, बसा, तलवार उपसा, जिना चढा, आणि पूर्ण आवाजात एक संवाद म्हणून बघा, कारण छातीशी पाटी आवळली की आवाज बसतो. करकर आवाज आला तर दोन पाट्या घासतायत, तिथे आतून फ्लॅनेलचा तुकडा लावा.

फोममधून घाम बाहेर जात नाही. आत सुती बंडी घाला आणि विंगेत पाणी ठेवा. प्रयोग झाला की चिलखत आतून ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवा. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवलंत तर पाट्यांचा बाक जातो आणि जोड सुटतात. आमचा टोप माळ्यावर एका जुन्या पितळी कळशीवर उपडा घातलेला असतो. सहा वर्षं झाली, अजून गोल आहे.